पहाटे ३:४० ते सकाळी ८:०९

मी हिशेब लिहिणारी बाई आहे. नागपुरातील एका खासगी संस्थेच्या लेखा विभागात गेली सव्वीस वर्षे मी पावत्या आणि व्हाउचर जुळवत आले आहे. त्यामुळे १७ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा नेमके काय घडले हे मी घरी परतल्यावर आठवणीच्या भरवशावर लिहिले नाही; फाइलमधले कागद समोर ठेवून लिहिले. ईसीजीच्या पट्टीवर वेळ छापलेली असते, संमतीपत्रावर सहीबरोबर वेळ घालतात, अँजिओप्लास्टीच्या अहवालात धमनी केव्हा उघडली याची नोंद असते आणि यजमानांच्या मोबाइलमध्ये कोणाला किती वाजता फोन लावला ते राहते. या सगळ्या वेळा एका कागदावर उतरवल्यावर दुखणे सुरू झाल्यापासून रक्त पुन्हा वाहू लागेपर्यंतची बेरीज २६९ मिनिटे निघाली. त्यातली १४५ मिनिटे माझ्या स्वतःच्या घरात गेली होती.

आदल्या संध्याकाळी शेजारून वांग्याचे भरीत आणि तुरीच्या सोल्यांची आमटी आली होती, दोन्ही झणझणीत, आणि मी ती मनापासून खाल्ली होती. पहाटे ३:४० ला जाग आली तेव्हा पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या मधोमध, काहीतरी दाबून धरल्यासारखे वाटत होते. छातीत कळ नव्हती. डाव्या हातात मुंग्या नव्हत्या. चित्रपटात दाखवतात तसे छातीवर हात ठेवून कोसळण्यासारखे तर काहीच नव्हते. मळमळ होती, खालचा जबडा दाढ दुखावी तसा दुखत होता आणि डिसेंबरातल्या नागपूरच्या थंडीत माझ्या पोलक्याची पाठ घामाने भिजली होती. मी त्याला पित्त ठरवले. पित्ताचे औषध घेतले, थंड दूध प्यायले, ओवा चघळला आणि ह्यांची झोप मोडू नये म्हणून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले.

घामाकडे मी लक्ष द्यायला हवे होते. पित्ताने असा गार घाम फुटत नाही, हे पुढे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितले. पण त्या वेळी माझ्या मनात जे चालले होते ते इतके साधे होते की लिहितानाही संकोच वाटतो. दहा वाजता कार्यालयात लेखापरीक्षक येणार होते, आदल्या दिवसापासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले असल्यामुळे सीताबर्डीकडचे रस्ते बंद असणार होते आणि मला लवकर निघायचे होते. दुखणे थांबावे असे वाटण्यापेक्षा ते वेळेत थांबावे असे मला वाटत होते.

५:१५ ला मी ह्यांना उठवले. तेही पित्तच म्हणाले, कारण मी त्यांना तसेच सांगितले. ५:४५ च्या सुमारास उलटी झाली आणि उलटीनंतरही दुखणे तसूभर कमी झाले नाही, तेव्हा ह्यांनी शेजारच्या मुलाला फोन केला. तो तसाच धावत आला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काकू, तुमचा चेहरा पांढरा पडून राहिला. हे पित्त नाही. चला." त्याच्या वडिलांना हृदयाचा जुना त्रास असल्यामुळे त्याने जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी बरोबर आणली होती. मला पित्त झाले असताना मी हृदयाची गोळी कशाला घेऊ, असे म्हणून मी ती नाकारली. माझ्या त्या चुकीच्या निदानाचा झालेला हा एवढाच फायदा, तोही योगायोगाने. तासाभरात कळले की माझा रक्तदाब आधीच फार खाली गेला होता. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका असेल आणि त्यात उजवा कप्पाही सापडला असेल, तर या गोळीने रक्तदाब आणखी कोसळू शकतो. दुसऱ्यासाठी लिहून दिलेली ही गोळी आपण होऊन कोणाला देऊ नये.

दुसरी चूक आम्ही तिघांनी मिळून केली. मी दोन मजले जिना उतरून खाली गेले आणि शेजाऱ्यांच्या गाडीत बसले. १०८ ला फोन लावायचे कोणालाच सुचले नाही. त्या रुग्णवाहिकेत प्राणवायू आणि डॉक्टर असतात, आणि वाटेत हृदयाची लय बिघडली तर काही करता येते. गाडीच्या मागच्या आसनावर नवऱ्याच्या खांद्यावर डोके ठेवून काही करता येत नाही. घरातून निघायला ६:०५ झाले.

मानेवाड्यातल्या आमच्या घराजवळ एक लहानसे नर्सिंग होम आहे. तिथे आम्ही ६:२० ला पोहोचलो. रात्रपाळीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाव विचारायच्या आधी ईसीजी लावायला सांगितले. पट्टीवर ६:३१ ही वेळ आहे, म्हणजे पोहोचल्यापासून अकरा मिनिटे. पहिला ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघावा असा दंडक आहे. माझ्या हातांवरच्या घामामुळे क्लिपा घसरत होत्या म्हणून एक मिनिट जास्त लागले. डॉक्टरांनी पट्टी पाहिली, मग छातीच्या उजव्या बाजूला तारा लावून पुन्हा एक ईसीजी काढला आणि ह्यांना बाजूला न नेता माझ्यासमोरच सांगितले, "काकू, हा हार्ट अटॅक आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीचा. उजवी धमनी बंद झाली असावी. आता आपल्याला ती उघडायची आहे." नाडी ४४ होती आणि रक्तदाब ९० वर ६०. हृदयाचा तो भाग श्वासपटलाला लागून असतो, म्हणून असा झटका पोटाचा वेश घेऊन येतो. आणि स्त्रियांमध्ये, त्यातही मधुमेह असेल तर, छातीतली नेहमीची कळ कित्येकदा येतच नाही. मला मधुमेह आहे हे त्या सकाळपर्यंत मला ठाऊक नव्हते.

ॲस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी मला गिळायला नव्हे तर चावून खायला दिली, कारण चावलेली गोळी रक्तात लवकर उतरते. तिच्याबरोबर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या टिकाग्रेलोरच्या ९० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची ८० मिलिग्रॅमची गोळी होती. नाडी वाढावी म्हणून शिरेतून ॲट्रोपिन दिले. मग डॉक्टरांनी ह्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. ते संभाषण मी पूर्ण ऐकले आहे.

पहिली वाट म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, जे तिथेच, त्याच खाटेवर देता आले असते. स्ट्रेप्टोकायनेज हे जुने औषध त्यातलेच; ते सलाइनमधून अर्धा ते एक तास द्यावे लागते. टेनेक्टेप्लेज हे नवे औषध वजनानुसार एकाच वेळी टोचतात. दुसरी वाट म्हणजे कॅथ लॅब, म्हणजे पडद्यावर पाहत धमन्यांत नळी घालण्याची सोय, असलेल्या रुग्णालयात जाऊन तातडीची अँजिओप्लास्टी करून घेणे, म्हणजे तार आणि फुगा आत नेऊन धमनी उघडणे. इंजेक्शनने प्रत्येक धमनी उघडतेच असे नाही, आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. अँजिओप्लास्टी अधिक खात्रीची, पण ती वेळेत झाली तरच. निदानापासून सुमारे १२० मिनिटांच्या आत धमनीत तार जाणार असेल तर अँजिओप्लास्टीला जावे, तेवढ्यात पोहोचणे शक्य नसेल तर इंजेक्शन घेऊन मग मोठ्या रुग्णालयाकडे निघावे, असा ढोबळ नियम आहे. मानेवाड्याहून धंतोलीतले कॅथ लॅब असलेले रुग्णालय सकाळच्या मोकळ्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, म्हणून आमच्या बाबतीत प्रश्नच नव्हता. पुढे आयसीसीयूमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, माझ्या शेजारच्या खाटेवर गडचिरोली जिल्ह्यातले एक शेतकरी होते. त्यांना तिकडच्या सरकारी रुग्णालयातच इंजेक्शन देऊन नागपूरला पाठवले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांची अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य सोडून धमन्यांची तपासणी, झाली. त्यांच्या नातेवाइकांना सारखे वाटत होते की इंजेक्शनमध्ये वेळ गेला, थेट नागपूरला आणायला हवे होते. तीन तासांहून अधिक प्रवास बंद धमनीने केला असता तर काय झाले असते, हे त्यांना तिथल्या सिस्टरने शांतपणे समजावून सांगितले. धमनी पूर्ण बंद झाली की साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत त्याचे क्षेत्र वाढत जाते. त्यामुळे जिथे जे लवकर मिळेल ते घेणे हाच त्यातला हिशेब.

नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल मी त्यांना नंतर पेढे नेऊन दिले. त्यांनी माझा ईसीजी मोबाइलवरून धंतोलीतल्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला आणि आम्ही निघायच्या आधीच कॅथ लॅबची माणसे घरून बोलावून घ्यायला सांगितले. ६:५२ ला त्यांच्या रुग्णवाहिकेतून निघालो. तुकडोजी पुतळ्यावरून गाडी वळली तेव्हा दूधवाले आणि शाळेच्या व्हॅन दिसत होत्या. धंतोलीच्या दारात पोहोचलो तेव्हा ७:१४ झाले होते.

ह्यांचा खरा त्रास इथे सुरू झाला. नोंदणीच्या खिडकीवर आधारकार्ड, विम्याचे कार्ड आणि ५०,००० रुपये अनामत मागितली. आधारकार्ड घरी होते आणि विम्याचे कार्ड कपाटात. खिडकीवरचा कर्मचारी कागदाशिवाय नोंद होणार नाही असे म्हणत राहिला, आणि हे, ज्यांनी आयुष्यात कोणाला आवाज चढवून बोललेले मी ऐकले नाही, ते तिथे ओरडले. त्यात दहा-बारा मिनिटे गेली असे ते सांगतात. सुदैवाने ती मिनिटे माझ्या वाट्याची नव्हती, कारण आपत्कालीन कक्षातल्या डॉक्टरांनी कागद नंतर येतील म्हणून मला आत घेतले होते. शेवटी डेबिट कार्डाने रक्कम भरली आणि शेजारच्या मुलाने घरी जाऊन फाइल आणली. आता आमच्या दोघांच्याही मोबाइलमध्ये दोन्ही आधारकार्डे, विम्याची पॉलिसी, चालू औषधांची यादी आणि माझा शेवटचा ईसीजी यांचे फोटो आहेत आणि ते मुलीलाही पाठवून ठेवले आहेत. घरातल्या प्रत्येकाचे असे फोटो काढायला दहा मिनिटे पुरतात.

संमतीपत्रावर ७:३६ ही वेळ आहे. त्यात मृत्यू, पक्षाघात, मूत्रपिंडावर परिणाम, तातडीची बायपास असे सगळे लिहिलेले असते. ह्यांनी सही केली ती आमच्या लग्नाच्या नोंदणीतल्या सहीशी जुळत नाही, इतका हात कापत होता.

७:४८ ला मी टेबलावर होते. कॅथ लॅब फार थंड असते. भूल देत नाहीत. उजव्या मनगटापाशी बधिर करण्याचे एक इंजेक्शन देतात आणि तिथल्या धमनीतून बारीक नळी वर हृदयापर्यंत नेतात. नळी फिरताना काही कळत नाही, कारण रक्तवाहिन्यांना आतून स्पर्श जाणवत नाही. कळले ते एवढेच की कोपरापाशी क्षणभर आवळल्यासारखे झाले. माझ्या डाव्या हाताला मोठा पडदा होता आणि मान थोडी वळवली की तो दिसत होता. आधी डावी बाजू पाहिली. रंगद्रव्य सोडले की काळ्या रेषांचे झाड क्षणभर उमटायचे आणि विरून जायचे. मग उजवी धमनी. ती वरून जाड, ठळक अशी आली आणि मध्येच संपली. त्यापुढे काहीच नव्हते, नुसता राखाडी पडदा.

कोणी काही बोलले नाही. तार पुढे सरकवली गेली. ८:०९ ला ती गुठळीच्या पलीकडे गेली आणि फुगा फुगवला. पडद्यावर पुन्हा रंग सोडला तेव्हा खालची सगळी धमनी, फांद्यांसकट, एकदम दिसली. त्याच वेळी यंत्राचे टिकटिकणे बिघडले, ठोके वेडेवाकडे पळू लागले आणि मला वाटले, संपले. डॉक्टर मात्र समाधानाने म्हणाले, "ताई, हे चांगलं लक्षण आहे, रक्त परत पोहोचलं की हृदय असं थोडं गडबडतं." मिनिटभरात लय स्थिर झाली. जबड्यातले दुखणे केव्हा गेले हे मला नेमके सांगता येणार नाही. ते नाही हे माझ्या उशिरा लक्षात आले. नंतर तिथे औषधाचा लेप असलेला ३ मिलिमीटर व्यासाचा आणि २८ मिलिमीटर लांबीचा एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवला. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत ४० टक्के अडथळा सापडला, त्याला हात लावला नाही. तो औषधांवर राहणार आहे.

फुग्याने हृदयाची धमनी उघडण्याचे हे काम जाग्या माणसावर पहिल्यांदा १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्त्सिग यांनी केले, हे मी घरी आल्यावर वाचले. मी तेव्हा शाळेत होते. त्याच्या आधीच्या काळात हृदयविकाराच्या झटक्यावर मुख्य उपचार विश्रांती हाच होता. माझे आजोबा १९७१ साली काटोलला घरच्या बाजेवर तीन आठवडे पडून गेले, आणि त्यांना झाले होते ते हेच असावे.

दाराशी आल्यापासून फुगा फुगेपर्यंत ५५ मिनिटे लागली; ९० मिनिटांच्या आत व्हावे असे उद्दिष्ट असते. माझा तक्ता असा आहे: घरात १४५ मिनिटे, नर्सिंग होमच्या वाटेवर १५, नर्सिंग होममध्ये ३२, रुग्णवाहिकेत २२ आणि रुग्णालयात ५५. शेवटच्या तीन आकड्यांवर माझा काही आक्षेप नाही.

आयसीसीयूतले दोन दिवस कंटाळवाणे होते, आणि त्या कंटाळ्याची मला किंमत आहे. मनगटावर हवेने फुगवलेली पट्टी बांधतात आणि ती तासातासाने सैल करतात. लघवीवाटे रंगद्रव्य निघून जावे म्हणून पाणी मोजून पाजतात. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची पंप करण्याची क्षमता ४५ टक्के आली. सर्वसाधारणपणे ती ५५ किंवा अधिक असते. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.४ टक्के निघाली. माझा भाऊ वर्ध्याहून बुधवारी आला, पण मोर्चांमुळे त्याची बस अलीकडेच थांबली आणि तो उरलेले अंतर पायी तुडवत धंतोलीत पोहोचला. भेटीची वेळ संपली होती. काचेतून हात हलवून परत गेला.

गुरुवारी खोलीत आले आणि इथून माझ्यातली लेखा विभागाची बाई जागी झाली. आमची पॉलिसी चार लाखांची. तिच्यात खोलीचे भाडे विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये मान्य होते. रुग्णालयात त्या दरातली खोली रिकामी नव्हती म्हणून ह्यांनी ५,५०० रुपयांची घेतली. दीड हजारच जास्त, असे त्यांना वाटले. पण भाडे मर्यादेच्या वर गेले की विमा कंपनी केवळ भाड्यातला फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार यांसारख्या संलग्न खर्चांतूनही त्याच प्रमाणात कपात करते. आमच्या बाबतीत हे प्रमाण सव्वासत्तावीस टक्के होते. खोली घेताना विम्याच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारावा: माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती आणि या खोलीने कपात लागेल का.

शनिवारी, २१ डिसेंबरला, घरी सोडायचे ठरले. बिल सकाळी ११:१० ला तयार झाले आणि अंतिम मंजुरीसाठी कंपनीकडे गेले. मंजुरी संध्याकाळी ५:३५ ला आली. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार ती तीन तासांत यायला हवी आणि उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा असतो, हे मी त्या दिवशी खाटेवर बसून मोबाइलवर वाचले आणि ह्यांना विम्याच्या खिडकीवर तीनदा पाठवले. फरक पडला असेल असे वाटत नाही, पण त्या दिवसाचे जादा भाडे लागले नाही.

एकूण बिल २,४१,८५० रुपये. कंपनीने मान्य केले २,०२,४३० रुपये. आमच्याकडून गेले ३९,४२० रुपये, अनामतीतून ते वळते होऊन १०,५८० परत मिळाले. त्या ३९,४२० मध्ये हातमोजे, फाइल, पट्ट्या अशा अमान्य वस्तूंचे १४,१८० होते आणि प्रमाणशीर कपातीचे २५,२४०. घरी येऊन मी कपातीचा तपशील मागवला, तेव्हा दिसले की त्यांनी तपासण्या आणि औषधे यांवरही कपात लावली आहे. नियमानुसार औषधे, वापरून टाकायच्या वस्तू, स्टेंटसारखी उपकरणे आणि तपासण्या यांना ही कपात लागत नाही. चुकीने कापलेली रक्कम ९,६०० रुपये होती. मी कंपनीच्या तक्रार विभागाला बिलाच्या ओळी क्रमांकासह एक पानी पत्र लिहिले, पंधरा दिवस वाट पाहून स्मरणपत्र पाठवले आणि ११ मार्चला ती रक्कम खात्यात जमा झाली. पत्रात राग लिहू नये, ओळ क्रमांक लिहावेत.

स्टेंटच्या किमतीबद्दल नातेवाइकांनी बरेच काही ऐकवले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटवर किंमतमर्यादा घातली तेव्हा औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती आणि नंतर ती वेळोवेळी बदलत आली आहे. स्टेंटच्या वेष्टनावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवून मिळतो. त्यावरचा क्रमांक आणि बिलातली किंमत ताडून पाहावी. माझ्या बिलात ती बरोबर होती.

आणखी एक गोष्ट आम्हाला ठाऊक असायला हवी होती. आमचे रेशनकार्ड पांढरे आहे, त्यामुळे सरकारी योजना आपल्यासाठी नाही असे आम्ही धरून चाललो होतो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डधारकांनाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. अँजिओप्लास्टी तिच्यात येते. अट एवढीच की रुग्णालय योजनेत नोंदलेले हवे. आमचे नव्हते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो, तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवावे लागते, आणि तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात. १५५३८८ हा क्रमांक लावून घराजवळची रुग्णालये आधीच विचारून ठेवता येतात. मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, तर आमच्या वाटेवरच होते.

घरी आल्यावरचे पहिले तीन आठवडे मला रुग्णालयापेक्षा जड गेले. टिकाग्रेलोर सकाळ-संध्याकाळ, ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची आणि साखरेची अशा गोळ्या. महिन्याला साधारण २,१०० रुपये. पाचव्या दिवशी बसल्या जागी अचानक दम लागल्यासारखे होऊ लागले. स्टेंट बंद झाला, असे मला वाटले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की टिकाग्रेलोरने काही जणांना असे होते आणि बहुधा ते हळूहळू कमी होते. माझे दोन आठवड्यांत गेले. हे आधी कोणी सांगितले असते तर एक रात्र वाचली असती. अंगावर निळे डागही उमटतात. मात्र ही गोळी वर्षभर आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचे, कारण नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज दोन खुणा करते. संक्रांतीला घरोघरचा तिळगूळ डब्यात जमा झाला आणि डबा मुलीबरोबर पुण्याला गेला.

चालणे पाच मिनिटांपासून सुरू केले, घरातल्या घरात. मग गल्लीच्या टोकापर्यंत. चालता चालता वाक्य पूर्ण बोलता आले पाहिजे, एवढेच प्रमाण दिले होते, आणि ते मला फार आवडले, कारण मी बोलणारी आहे. भीती मात्र मिनिटांनी मोजून कमी होत नाही. रात्री झोपताना मी नाडी मोजत असे. ह्यांना ते कळत असे आणि ते मोजू देत. फिटनेसचा दाखला घेऊन २७ जानेवारीला मी अर्ध्या वेळासाठी कामावर गेले. स्कूटरला आणखी महिनाभर परवानगी नव्हती. सहा आठवड्यांच्या इकोत पंप करण्याची क्षमता ५२ टक्के आली.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री पुन्हा पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले. घाम नव्हता, जबडा ठीक होता, आणि संध्याकाळी एका लग्नात मी आलूबोंडा खाल्ला होता, हे मला स्वच्छ आठवत होते. तरी ह्यांना उठवले. त्यांनी काही विचारले नाही. १०८ लावला आणि फाइल उचलली. रुग्णालयात ईसीजी पूर्वीसारखाच आला, तरी त्यांनी ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी, रक्ततपासणी केली आणि तीन तास थांबवून ती पुन्हा केली, कारण पहिल्या तपासणीत लहान झटका सुटू शकतो. दोन्ही अहवाल सामान्य आले. २,३५० रुपये खर्च झाले आणि ते पित्त होते. परत येताना रिक्षात ह्यांनी माझी वही मागितली आणि स्वतःच्या अक्षरात नोंद केली: जाग २:१०, घराबाहेर २:२६.